अपघातातील दुसरा रक्तस्राव

जखमेतून वाहणारे रक्त सर्वांना दिसते. त्याच वेळी जठराच्या अस्तराला होणारी इजा मात्र काही दिवसांनी उघडकीस येते. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ही इजा रोखायची असेल, तर सुरुवात अतिदक्षता विभागात नव्हे, तर अपघाताच्या जागेवरच करावी लागेल.

साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील कारखान्यांच्या दिशेने उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस जाऊ लागतात. भिगवण आणि इंदापूरवरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग एरवीही वर्दळीचा. त्यात पाटस-बारामती-इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग रुंद झाल्याने वाहनांचा वेग वाढला. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, अशा ट्रॉलीवर अंधारात दुचाकी आदळणे हा या भागातील दर हंगामाचा अनुभव आहे.

अशा अपघाताची बातमी बहुधा एकाच वाक्याने संपते : 'गंभीर जखमीला पुढील उपचारांसाठी पुण्याला हलविण्यात आले.' हे वाक्य लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही पुरेसे वाटते. वस्तुतः जखमीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा काळ या वाक्यानंतर सुरू होतो. रुग्णवाहिका महामार्गावर असताना त्याच्या शरीरात अनेक घडामोडी चालू असतात. त्यांतील एक घडामोड जठराच्या अस्तरात घडते. तिच्याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष नसते आणि ते स्वाभाविकही आहे. पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हाड जुळले, नातेवाइकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णाला काळपट रक्ताची उलटी झाली, असे घडते तेव्हा त्याचे मूळ त्या पहिल्या तासांत असते.

टेलच्या शेतकऱ्याचे दुखणे

प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारणपणे ७० मिलिलिटर रक्त असते. साठ किलो वजनाच्या माणसात ते सव्वाचार लिटरच्या आसपास भरते. यातील १५ टक्क्यांपर्यंतचे नुकसान शरीर फारशी तक्रार न करता सोसते. ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे सुमारे सव्वा लिटर रक्त गेल्यावर, रक्तदाब घसरू लागतो आणि रुग्ण 'शॉक'मध्ये जातो. मांडीचे हाड मोडले, तर बाहेर एक थेंबही न दिसता एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साठू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते.

रक्त कमी पडू लागताच शरीर काटकसर सुरू करते. मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा शक्य तितका कायम ठेवला जातो. त्वचा, स्नायू आणि पचनसंस्था यांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. एरवी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा पोटातील अवयवांकडे जातो. शरीराच्या दृष्टीने हा हिस्सा म्हणजे अडचणीच्या वेळी वापरायची गंगाजळीच असते. नीरा डाव्या कालव्यावरील शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. धरणात पाणी कमी असले, की पिण्याचे पाणी आधी राखून ठेवले जाते आणि आवर्तनाचे पाणी टेलच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. रक्तस्रावात जठर हे असे टेलचे शेत असते.

यातील अधिक गंभीर बाब म्हणजे, ही टंचाई वरवर पाहता ओळखू येत नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात सहा निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरातून तासाभरात सुमारे एक चतुर्थांश रक्त काढून घेण्यात आले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नाडी आणि रक्तदाब यांत लक्षणीय फरक दिसण्यापूर्वीच जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटल्याच्या खुणा मिळाल्या. याचा अर्थ, 'बीपी नॉर्मल आहे, काळजी नको' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हाही जठर उपाशी असू शकते. पुढे रक्तदाब सावरला, तरी पोटातील आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या लगेच पूर्ववत होतातच असे नाही.

आम्ल तेच, भिंत खचलेली

जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की ते मांसाचे पचन करू शकते. मग ते जठरालाच का पचवत नाही? कारण जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्माचा चिकट थर असतो. त्या थरात आम्लाचा प्रभाव नाहीसा करणारे बायकार्बोनेट झिरपत राहते. त्याखालील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि काही दिवसांतच जुन्या पेशींची जागा नव्या घेतात. त्यातूनही आत शिरलेले थोडेफार आम्ल रक्तप्रवाह वाहून नेतो. या साऱ्या संरक्षणव्यवस्थेवर देखरेख करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये जठरातच तयार होतात.

ही सर्व यंत्रणा रक्तावर चालते. रक्तपुरवठा घटला, की बायकार्बोनेट कमी होते, श्लेष्मा पातळ होतो, पेशींची दुरुस्ती थांबते आणि आत घुसलेले आम्ल तेथेच साचून राहते. अशा वेळी जठरात आम्ल फार वाढलेले असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बहुतांश रुग्णांच्या बाबतीत बरोबर नाही. आम्ल नेहमीइतकेच, कधी कधी त्याहून कमीही असते. बिघडलेली असते ती भिंत. प्राण्यांवरील प्रयोगांतून आढळले आहे, की आम्ल आणि रक्ताची टंचाई हे दोन्ही एकत्र आले म्हणजे जठराला चरे पडतात. आम्ल निष्प्रभ केले, तर तेवढ्याच टंचाईत इजा बरीच कमी होते. रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतानाही धोका टळत नाही. उपाशी राहिलेल्या पेशींत प्राणवायू एकदम पोहोचला, की त्यातून दाहक स्वरूपाचे रेणू निर्माण होतात आणि नुकसानीत भर पडते.

या विकाराची ओळख जुनी आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक थॉमस कर्लिंग यांनी १८४२ मध्ये गंभीर भाजलेल्या रुग्णांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणांचे वर्णन केले. अमेरिकी मेंदू-शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये मेंदूच्या विकारांशी निगडित जठरव्रणांकडे लक्ष वेधले. आज या सर्वांना 'ताणजन्य व्रण' असे म्हटले जाते. येथे ताण म्हणजे मनाचा ताण नव्हे, तर गंभीर इजेमुळे शरीरावर आलेला ताण. अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांची दुर्बिणीने तपासणी केली असता पहिल्या चोवीस तासांतच बहुसंख्यांच्या जठरात वरवरचे चरे आढळतात. त्यांतील बहुतेक आपोआप भरून येतात. थोड्या रुग्णांत मात्र ते खोलवर जातात आणि रक्त वाहू लागते. आधीच रक्त गमावलेल्या माणसाला हा दुसरा रक्तस्राव परवडणारा नसतो.

महामार्गावरील तास

आता हे शास्त्र इंदापूर तालुक्याच्या नकाशावर ठेवून पाहू. इंदापूरहून बारामती सुमारे ५०, सोलापूर ११० आणि पुणे सुमारे १४० किलोमीटर. भिगवणहून पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीत जुने उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ मध्ये सुरू झालेले व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही डोक्याला मार, छातीला मार किंवा अनेक हाडांचे मोड, असे एकत्रित प्रकरण असेल, तर 'पुण्याला न्या' हा सल्ला आजही सर्रास दिला जातो.

एक कल्पित, पण या भागात कोणालाही ओळखीचा वाटेल असा प्रवास पाहू. रात्री नऊला निमगाव केतकीजवळ दुचाकीस्वार ट्रॉलीवर आदळतो. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या धास्तीने येणारे-जाणारे काही काळ नुसतेच उभे राहतात. कोणीतरी १०८ क्रमांक फिरवतो. रुग्णवाहिका येऊन जखमी पहिल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाऊण तास जातो. तेथे सलाइन, टाके, इंजेक्शन. मग 'पुण्याला न्या'. दुसरी रुग्णवाहिका, पैशांची जमवाजमव, वाटेत एखादे खासगी रुग्णालय, तेथून पुन्हा पुढे. पुण्यातील शस्त्रक्रियागृहात रुग्ण पोहोचतो तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. या चार तासांत मेंदू आणि हृदय कसेबसे तगतात, पण जठराच्या अस्तराची किंमत मोजून.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी १५ हजार २२४ महाराष्ट्रातील होते. ही नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आहे. जे वाचतात, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या गुंतागुंतीची अशी मोजदाद होत नाही. जठरातील रक्तस्राव ही अशीच एक गुंतागुंत होय.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि तिने या चित्रात मोठा फरक घडवला. या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पण रुग्णवाहिका हे वाहन न राहता उपचारांची पहिली खोली व्हायची असेल, तर त्या खोलीत काय केले जाते आणि काय टाळले जाते, याला महत्त्व येते.

'दुखण्याचे इंजेक्शन'

टाळण्याच्या यादीत पहिला क्रमांक वेदनाशामक इंजेक्शनाचा लागतो. अपघातग्रस्त विव्हळत असतो, नातेवाईक 'आधी दुखणे थांबवा' असा धोशा लावतात आणि गावातील दवाखान्यात डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन टोचले जाते. हेतू चांगला असतो. पण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गटातील औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखूनच वेदना कमी करतात. जठराची भिंत सांभाळणारी द्रव्ये हीच. म्हणजे रक्ताअभावी आधीच दुबळ्या झालेल्या भिंतीचा उरलासुरला आधारही काढून घेतला जातो. हीच औषधे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटचे काम मंदावतात आणि शॉकमधील रुग्णाच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. इंजेक्शन कमरेत दिले, गोळी दिली नाही, म्हणून जठर सुरक्षित राहते, हाही गैरसमज आहे. औषधाचा परिणाम रक्तावाटे सर्वत्र पोहोचतो.

याचा अर्थ रुग्णाला विव्हळत ठेवावे असा नाही. मोडलेला अवयव नीट आधार देऊन स्थिर केला, तरी वेदना बऱ्याच कमी होतात. पॅरासिटामॉल शिरेवाटे देता येते. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची अन्य औषधेही उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो सवयीचा. गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी या गोळ्या औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेणारे कष्टकरी, ऊसतोडणी मजूर आणि वृद्ध या भागात कमी नाहीत. आषाढी वारीत बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशा मजल-दरमजल चालीत उपाशीपोटी गोळी घेऊन पुढे निघणारे वारकरीही आढळतात. अशा व्यक्तीला अपघात झाला, तर तिच्या जठराची भिंत मुळातच कच्ची असते. म्हणून अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगण्याची एक महत्त्वाची माहिती म्हणजे, रुग्ण रोज कोणत्या गोळ्या घेत होता.

आणि 'गॅसचे इंजेक्शन'

दुसरी सवय याच्या उलट टोकाची. रुग्णालयात दाखल झालेल्या जवळपास प्रत्येकाला आम्ल कमी करणारे औषध देण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. 'गॅसचे इंजेक्शन' या नावाने ते घरोघरी परिचित आहे. पूर्वी रॅनिटिडिन दिले जाई. त्यात एक घातक अशुद्धी आढळल्यानंतर अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ मध्ये ते वगळण्यात आले. आज त्याची जागा मुख्यतः पॅन्टोप्राझोलने घेतली आहे.

हे औषध खरोखर कोणाला लागते, याचे उत्तर गेल्या तीन दशकांतील संशोधनाने बरेच स्पष्ट केले आहे. कॅनडातील डॉ. डेबोरा कुक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अतिदक्षता विभागातील २ हजार २५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जठरातून गंभीर रक्तस्राव झालेल्यांचे प्रमाण अवघे दीड टक्का होते. मात्र ४८ तासांहून अधिक काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास लागलेले आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेले, अशा रुग्णांत ते ३.७ टक्के होते; उर्वरितांमध्ये हजारात एक. २०१८ मध्ये युरोपातील ३ हजार २९८ रुग्णांच्या चाचणीत पॅन्टोप्राझोलमुळे गंभीर रक्तस्राव ४.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आला, पण मृत्यूचे प्रमाण बदलले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व अनेक देशांत झालेल्या चाचणीत कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील ४ हजार ८२१ रुग्ण होते. तेथे हेच प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर उतरले. मृत्यूच्या प्रमाणात मात्र याही वेळी लक्षणीय फरक पडला नाही.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, शॉकमध्ये गेलेला, रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेला किंवा कृत्रिम श्वासावर असलेला अपघातग्रस्त रुग्ण हा या औषधाचा खरा हक्कदार आहे. त्याला ते वेळेवर मिळालेच पाहिजे आणि धोका टळल्यावर ते बंदही झाले पाहिजे. हात मोडून वॉर्डात चालत-फिरत असलेल्या तरुणाला त्याची गरज नसते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. औषधाने जठरातील रक्तस्राव कमी होतो, पण प्राण वाचतात ते मुख्यतः मूळ आजारावरील उपचारांनी. काही दशकांपूर्वी ताणजन्य व्रणांतून होणारा रक्तस्राव अतिदक्षता विभागांत बराच अधिक होता. तो घटला, त्याचे श्रेय एकट्या औषधांना देता येत नाही. शॉकवर वेगाने होऊ लागलेले उपचार आणि नळीवाटे लवकर सुरू केलेले अन्न यांचा त्यात मोठा वाटा आहे. जठरात अन्न गेले, की आम्ल सौम्य होते आणि अस्तराचा रक्तप्रवाहही वाढतो.

थोडक्यात, जठर वाचविण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे रक्त वाहणे थांबविणे आणि गेलेले रक्त लवकर भरून देणे.

रक्त कोठे आहे?

येथे प्रश्न पुन्हा तालुक्यावर येऊन ठेपतो. सलाइनने रक्तवाहिन्या भरतात, पण सलाइन प्राणवायू वाहून नेत नाही. मर्यादेपलीकडे दिलेले सलाइन रक्त पातळ करते आणि गोठण्याची क्रिया आणखी बिघडवते. सव्वा लिटर रक्त गमावलेल्या माणसाला अखेर रक्तच लागते आणि तेही पहिल्या रुग्णालयात लागते, शंभर किलोमीटरवरील तिसऱ्या रुग्णालयात नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी पूर्ण रक्तपेढी शक्य नसली, तरी मोठ्या रक्तपेढीशी जोडलेले रक्तसाठवण केंद्र चालविता येते. त्यासाठी शीतपेटी, प्रशिक्षित तंत्रज्ञ, अखंड वीज आणि चोवीस तास उघडी असणारी खोली लागते. यातील शेवटच्या दोन गोष्टींवर बहुतेक योजना अडखळतात.

या भागात रक्तदानाचा उत्साह कमी नाही. नेत्यांचे वाढदिवस, गणेशोत्सव, शिवजयंती यानिमित्त शिबिरांची रीघ लागते. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. एकाच आठवड्यात दहा शिबिरे आणि पुढचे दोन महिने शुकशुकाट, असे झाले तर त्या उत्साहाचा उपयोग मर्यादित राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दरवर्षी जाणवणारी टंचाई हे त्याचेच फलित आहे. वाढदिवस पुढे-मागे करता येत नाहीत, हे खरे. शिबिरे मात्र करता येतात. गळीत हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, हे दरवर्षी आधीच ठाऊक असते. कारखान्यांनी ऊसतोडणीचे वेळापत्रक आखावे, तसे रक्तदानाचेही आखता येईल.

ही गरज केवळ अपघातग्रस्तांची नाही. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेली माता याच शॉकमध्ये जाते. उसाच्या फडात घोणस चावलेल्या मजुराच्या रक्ताची गोठण्याची क्षमता विषामुळे नष्ट होते आणि त्याला हिरड्या, लघवी, जठर अशा अनेक ठिकाणांहून रक्तस्राव होऊ शकतो. तेथे आधी सर्पविषावरील प्रतिविष हवे. वेदनाशामक इंजेक्शन तेथेही घातकच. तिघांच्या आजारांची कारणे वेगळी, पण इंदापूरच्या रुग्णालयात त्यांना लागणाऱ्या गोष्टींची यादी जवळपास सारखीच आहे.

या यादीत एका स्वस्त औषधाचा समावेश करावा लागेल. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध. ४० देशांतील २० हजार २११ अपघातग्रस्तांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. या चाचणीत सर्वाधिक रुग्ण भारतातील होते. पुढील विश्लेषणातून असेही दिसले, की औषध पहिल्या तासात दिले तर लाभ सर्वाधिक आणि तीन तासांनंतर दिले तर अपाय संभवतो. निमगाव केतकीच्या त्या कल्पित जखमीला ते पुण्यात पोहोचल्यावर देण्यात अर्थ नाही. ते रुग्णवाहिकेतच मिळायला हवे. मात्र जठरातून रक्त वाहू लागल्यावर हेच औषध उपयोगी पडत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले. पहिला रक्तस्राव वेळेत थांबविण्याची संधी गेली, की दुसऱ्यासाठी तीच युक्ती चालत नाही.

कायदा आहे, हात पुढे यायला हवेत

जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस छळतात, ही भीती अजून गेलेली नाही. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतनिसांच्या संरक्षणाची तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ मधील दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तसे कलम आले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत ती लागू असते. पैशांच्या जमवाजमवीत जाणारा तास यामुळे वाचू शकतो. परंतु जठरातील रक्तस्राव सात दिवसांनंतरही होऊ शकतो, याचा विचार ही मुदत ठरविताना झालेला दिसत नाही.

रस्त्यावरील माणसाने करण्याजोगी कामे मोजकीच, पण मोलाची आहेत. उपरणे, ओढणी, जे स्वच्छ कापड मिळेल ते जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात काढू नये. जखमेत हळद किंवा चहापूड भरू नये. जखमीला पाणी, चहा पाजू नये. शुद्ध हरपत असेल, तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला उबदार ठेवावे, कारण शरीर गार पडले की रक्त गोठणे मंदावते. घरी किंवा वॉर्डात असताना डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे. दुसऱ्या रक्तस्रावाची ही पहिली वर्दी असते.

शासनाकडून अपेक्षाही अवास्तव नाहीत. महामार्गालगतच्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात चोवीस तास चालणारे रक्तसाठवण केंद्र, प्रत्येक १०८ रुग्णवाहिकेत रक्तस्रावाच्या उपचारांची ठरलेली कार्यपद्धती, खासगी डॉक्टरांना अपघातग्रस्तांच्या पहिल्या तासातील औषधांबाबत प्रशिक्षण आणि बारामतीच्या वैद्यकीय महाविद्यालयात गंभीर जखमींवरील संपूर्ण उपचारांची कायम सोय, एवढे झाले तरी पुण्याकडे धावणाऱ्या अनेक रुग्णवाहिका बारामतीतच थांबतील. ट्रॉलीला पाच-पन्नास रुपयांचा परावर्तक लावण्याची सक्ती कारखान्यांनी गेटवरच केली, तर त्यांतील काही निघणारच नाहीत.

जठराच्या अस्तराची चिंता करणे हे अतिदक्षता विभागातील तज्ज्ञांचे काम आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या विभागाच्या दारात रुग्ण पोहोचतो तेव्हा इजा बहुधा होऊन गेलेली असते. तिची व्याप्ती ठरते ती निमगावच्या वळणावर कोणी जखम दाबून धरली का, पहिल्या दवाखान्यात कोणते इंजेक्शन टोचले आणि इंदापुरात त्या रात्री रक्ताची पिशवी होती का, यावर. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तालुक्यातच द्यावी लागतील. ती मिळेपर्यंत 'पुण्याला हलविण्यात आले' या वाक्यावर बातमी संपत राहील, जखमीची परीक्षा मात्र तेथून पुढे सुरू होईल.